गेरूचा गोल

तेल्हारा, २ डिसेंबर १९५९

निंभोऱ्याचा सर्व्हे आज सुरू केला. पहाटेच सायकल काढली. उन्हं वर आली की अख्खं गाव कापूस वेचायला वावरात, मग काय कुलपं तपासू? थंडी अशी की हँडल धरवेना. काम नेहमीचंच. घरातल्या एकेकाला उजेडात उभं करायचं, पाठ-हात-पाय पाहायचे. कुठं फिकट चट्टा दिसला तर डोळे मिटायला सांगून कापसाचा तंतू फिरवायचा. जिथं लागलं तिथं बोट ठेवा म्हणायचं. चट्ट्यावर बोट आलं नाही तर समजायचं. घर झालं की भिंतीवर गेरूनं आकडा.

एका म्हातारीनं विचारलं, "काहून रे पोरा, सरकारले आमच्या पाठीशी काय काम?" म्हटलं, आजी, खाज-बिज पाहून राहिलो. महारोग हा शब्द काढायचाच नाही असं आमच्या डॉ. साहेबांनी बजावलंय. काढला की दारं धाडधाड लागतात.

४ डिसेंबर

गावाबाहेर सोनाजी. बोटं आखडलेली, तळपायाला जखम. गावाला सगळं माहीत, त्याच्याकडे कोणी जात नाही. भाकर दगडावर ठेवून जातात. त्याची जखम धुऊन बांधली तर म्हणे, "साहेब, तुमी हात लावला!" आणि माझ्याकडं पाहतच राहिला.

आज डोकं चाललं. गोळ्या वाटायला पुन्हा यायचं म्हणजे दर वेळी गावात विचारावं लागतं, अमक्याचं घर कोणतं. विचारलं की झालाच बोभाटा. म्हणून रोगी असलेल्या घराच्या आकड्याशेजारी गेरूचा एक लहान गोल काढायचा. माझा मला कळेल. कोणाले विचारणं नाही, कोणाले सांगणं नाही. सोनाजीच्या कुडाच्या भिंतीवर पहिला गोल काढला. घरी येऊन यशोदाला सांगितलं. तिला फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. वांग्याचं भरीत चांगलं केलं होतं.

७ डिसेंबर

जोशांचं घर. घरात तिघं मोठी माणसं, म्हातारी जोशीणबाई, मुलगा मनोहर (तिथल्याच शाळेत मास्तर) आणि सून सुमन. शिवाय दोन वर्षांची नात, मंगल.

दारातच म्हातारी म्हणाली, "तिथंच थांब तायडे. ओट्यावर येऊ नकोस, आत्ताच सारवलाय." मास्तर मान खाली घालून वह्या तपासत बसला. दीक्षा घेऊन तीन वर्षं झाली, सरकारी नोकरी लागली, पण अंगणच ते. बरं. अंगणात उजेड चांगला असतो.

सुमन पोरीला कडेवर घेऊन आली. डाव्या हातावर, बांगड्यांच्या वर, फिकट चट्टा. डोळे मिटून सगळीकडे बरोबर बोट ठेवलं, तिथं नाही. तीच हसून म्हणाली, "इथं तर मागे चुलीचा चटका बसला तरी कळला नव्हता हो." हा न पसरणारा प्रकार. गोळ्या खाल्ल्या की जातो, पण दोन-अडीच वर्षं धरायला पाहिजेत. तिला आणि मास्तरला बाजूला घेऊन सांगितलं. मास्तर एवढंच म्हणाला, "आईला सांगू नका." नाही सांगत, म्हटलं.

भिंतीवर आकडा आणि गोल काढून निघालो.

२१ डिसेंबर

काल अमरावतीला सगळ्या तालुक्यांतल्या आम्हा लोकांची बैठक. डॉ. साहेबांनी मला उभं केलं आणि गोलाची गोष्ट सगळ्यांना सांगितली. "ही तायडेंची पद्धत. रोग्याचं नाव गावात घ्यावं लागत नाही." टाळ्या. पुढच्या योजनेत ती सगळीकडे लागू करणार, तसे फॉर्म छापायला देणार. दर्यापूरचा आमचा एक सोबती म्हणे, "लेका, तू तर साहेबाच्या गळ्यातला ताईत झाला."

खोटं कशाला लिहू, छाती फुगली. येताना यशोदासाठी हिरवं लुगडं घेतलं. ती म्हणे, "गोल काढला म्हणून लुगडं? उद्या चौकोन काढा."

५ जानेवारी १९६०

काय लिहू.

निंभोऱ्यात गोळ्या घेऊन गेलो. वेशीपासूनच लोक माझ्याकडे नाही, भिंतींकडे पाहत होते. मग डोक्यात उजेड पडला. सोनाजीच्या भिंतीवर गोल. सोनाजीला काय झालंय ते लहान पोरांनाही माहीत. तसाच गोल आणखी कोणाच्या भिंतीवर? गावात दोनच गोल. आता हे कळायला शाळेत जावं लागते काय? मले मात्र कळलं नाही. मी ट्रेनिंग घेतलेला माणूस!

विहिरीवर सुमन दोर सोडायला गेली तर बाया बादल्या उचलून घरी गेल्या. त्याच दिवशी सासूला समजलं. आता सुमन गोठ्यात. वेगळी ताटली, वेगळा तांब्या. पोरगी आजीच्या खोलीत, दाराला कडी. आतून "आई, आई" ऐकू येत होतं.

जोशीणबाई अंगणात आली. "तायडे, तू माझ्या भिंतीला काय काढून ठेवलंस?"

भिंतीला चुना फासला होता. तेवढाच ठिगळासारखा पांढराफेक, लांबूनच नजर जावी असा. मी समजावून सांगायला लागलो, की बाई, हा प्रकार पसरत नाही, सोबत जेवल्यानं होत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पसरत नाही तर खूण कशाला केलीस?"

मी सायकल वळवली.

६ जानेवारी

डॉ. साहेबांना अकोल्याला जाऊन सांगितलं. म्हणाले, "एका गावात झालं म्हणून पद्धत चुकत नाही तायडे. फॉर्म छापायला गेले." मी म्हणायला पाहिजे होतं की साहेब, फॉर्म थांबवा. म्हटलं काय? "हो साहेब."

हात् लेका.

१२ जानेवारी

तेल्हाऱ्याच्या मोटार स्टँडवर सुमन दिसली. वळकटी, एक पत्र्याची पेटी, सोबत मास्तर. तिला अकोल्याला माहेरी सोडायला चालला होता. पोर घरीच. तो तिकिटं काढायला गेला तशी ती माझ्याजवळ आली. रागावेल, शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाऊ, मंगल माझ्या केसात हात घालून झोपते. नाहीतर झोपत नाही. तेवढं सासूबाईंना सांगाल का?"

मी म्हटलं, "दोन महिन्यांत तुम्हाला पोरीजवळ आणून सोडतो." कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे. मोटार गेल्यावर फार वेळ तिथंच उभा होतो. कंडक्टर म्हणे, जायचं आहे काय तुमाले?

केसांचा निरोप अजून दिला नाही. त्या अंगणात जायला पायच उचलत नाही.

३ फेब्रुवारी

मास्तर स्वतःहून घरी आला. यशोदानं चहा ठेवला. त्याची गंमत वाटली, मुकाट्यानं कपबशी उचलून प्यायला लागला. गावात कोणी पाहत नसलं की माणूस चांगला आहे.

म्हणाला, "मला पटतंय तायडे. आईला पटत नाही. साहेबांच्या सहीचा कागद मिळाला तर तिला वाचून दाखवीन." म्हटलं, आणतोच. त्यालाच केसांचं सांगितलं. तो खाली पाहून म्हणाला, "रडून रडून झोपते आता." त्यानंतर त्याला चहा गेला नाही.

यशोदा आतून सगळं ऐकत होती. तो गेल्यावर म्हणे, "मास्तर आहे ना तो? चार पोट्टे शिकवते ना? मंग आपल्या बायकोले हाताले धरून घरात न्यायले कागद काहून पाह्यजे?"

१० फेब्रुवारी

कागद आणला. डॉ. साहेबांनी स्वच्छ लिहिलंय. रोग पसरणारा नाही, बाईनं घरात राहायला, स्वयंपाक करायला, मूल सांभाळायला हरकत नाही. मी खुशीत निंभोऱ्याला गेलो. मास्तरनं आईपुढं वाचायला घेतला आणि पहिल्याच ओळीला अडखळला. कागदाच्या डोक्यावर ठळक छापलेलं, महारोग नियंत्रण पथक. खाली गोल शिक्का, त्यातही तेच.

जोशीणबाई म्हणाली, "म्हणजे आता सरकारनंच छापून दिलं." कागद घडी करून देवाच्या फळीवर नाही, माळ्यावर टाकला.

तो शब्द लोकांसमोर काढू नका म्हणून साहेब बजावतात. मग कागदाच्या कपाळावर कोणी छापला? आणि तो मी सायकलवर घेऊन चौदा मैल गेलो, एकदाही डोक्यात आलं नाही. सही तेवढी पाहिली.

१८ मार्च

अकोला, जुने शहर. सुमनचे वडील, अण्णा, भिक्षुकी करतात. मोर्णेच्या पुलावरून गेलं की गल्लीत तिसरं घर. मला पाहताच बाहेर आले, दार ओढून घेतलं. "तुमची ही थैली लोक ओळखतात हो. तुम्ही येऊ नका. कळलं तर मला सत्यनारायणालासुद्धा कोणी बोलावणार नाही." शेजारीपाजारी सांगितलंय, मुलगी बाळंतपणाला आली आहे.

गोळ्यांचं कसं? म्हणाले, मी येऊन घेईन. दवाखान्याच्या मागच्या खिडकीशी.

दुपारी आले. मी पुडी पुढं केली तर त्यांनी उपरण्याचा पदर पसरला. वरून टाका म्हणे. डोकं असं सणकलं! म्हटलं, "अण्णा, माह्या हातची गोळी चालते, हात चालत नाही?" म्हातारा चपापला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "सवय हो," म्हणाला, पण पदर तसाच.

टाकली वरून. पोरीच्या हाताची गोष्ट होती, माझ्या नाही.

निघताना घराच्या मागच्या दारात सुमन उभी होती म्हणे, तिचा निरोप अण्णांनी दिला. मंगल बोलते का आता नीट?

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक जोरात झाली. मला भाषणाला उभं केलं. माणसानं माणसाला दूर ठेवणं हे पाप आहे, असं मी म्हणालो. टाळ्या पडल्या. माझा आवाज चांगला आहे, त्याचाही उपयोग नाही.

चार महिने जे लिहायचं टाळतोय ते आज लिहितो. वहीशी खोटं बोलून कुठं जाणार?

सोनाजीच्या भिंतीवरचा गोल अधेलीएवढा होता. लहान, कोपऱ्यात. जोशांच्या भिंतीवरचा ताटलीएवढा होता. दाराच्या अगदी बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर. तसा काढायची काही गरज नव्हती. "ओट्यावर येऊ नकोस" हे कानात होतं. म्हटलं, घ्या. सारवलेल्या भिंतीवर हात फिरवताना बरं वाटलं. हो, बरं वाटलं. जन्मभर आमच्यावर खुणा होत्या, एक खूण तुमच्यावरही होऊ द्या, असं काहीतरी. त्या क्षणी सुमन मनात नव्हती. पोरगी नव्हती. म्हातारी होती.

आणि भोगलं कोणी? जिनं अंगणात येऊन हसत हात पुढं केला तिनं.

यशोदाला सांगावं का? नाही सांगितलं.

१५ एप्रिल

सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली. मग म्हणाली, "त्या म्हातारीत आन तुमच्यात मंग फरक काय राह्यला?" आणि पुन्हा थापायला लागली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बोलू नयेच.

४ मे

नवं राज्य झालं. अकोल्यात रोषणाई, पेढे. आज नव्या राज्याची पहिली बैठक. योजनेचा कागद वाचला गेला, त्यात कलम पाच, रोगी असलेल्या घरावर गोलाची खूण. मी उठलो. म्हटलं, साहेब, हे कलम काढा. निंभोऱ्यात याच्यापायी एका बाईचं घर तुटलं.

डॉ. साहेब तापले. "पद्धत तुमचीच ना?" म्हटलं, माझीच, म्हणूनच सांगून राहिलो. मग दर्यापूरचा सोबती हळूच उठला. फॉर्मची वाट न पाहता त्यानं गोल सुरू केले होते, त्याच्याकडे दोन गावांत तसंच झालंय. मूर्तिजापूरवालाही उठला. एकेक बोलायला लागले. मी पहिल्याच वेळी, जानेवारीत, तोंड उघडलं असतं तर? दर्यापूरची ती दोन गावं तरी...

साहेब शेवटी म्हणाले, "मग काय करायचं ते लिहून आणा." गोल मोठा काढल्याचं तिथं बोललो नाही. तेवढी छाती नव्हती.

९ मे

पाच दिवस झाले, कागदावर एक ओळ नाही. घराला खूण नको, विचारायचंही नाही, आणि रोगी तर भेटला पाहिजे. कसं?

यशोदा तांदूळ निवडत होती. म्हणे, "त्यायच्या घरी तुमी जाताच काहून? त्यायलेच बोलवा ना. बाजाराच्या दिवशी समदे तेल्हाऱ्यात येतेच. खरजवाले, नायटेवाले, गजकर्णवाले, समदे एकाच रांगेत उभे करा. मंग कोण कशाले आलं, कोणाले कळते?"

मी तिच्याकडं पाहतच राहिलो. एवढे मोठे साहेब, एवढे फॉर्म, आणि हे कोणाला सुचलं नाही. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं, फक्त "बोलवा" च्या जागी "पाचारण करावे" घातलं. साहेबांना तसं लागतं.

आणखी घातलं, पाटी "कातडीचा दवाखाना" अशी असावी. कागदाच्या डोक्यावर तो शब्द नसावा. शाळेत तपासणी करताना सगळ्या पोरांची करावी, एकट्याला बाजूला काढू नये. रोग्याच्या घरच्या सगळ्यांना वर्षातून एकदा याच रांगेत बोलवून पाहावं, म्हणजे नवा चट्टा लवकर सापडेल.

२६ ऑगस्ट

बाजारातला दवाखाना सुरू झाल्याला तिसरा आठवडा. चिंचेखाली बाकडं, टेबल. पहिल्या बाजारी सोनाजी रांगेत आला आणि रांग फुटली, त्याच्यामागचे सगळे मिरचीच्या ढिगाकडे पसार. मी सोनाजीला जाऊ दिलं नाही. डॉ. साहेब स्वतः आले होते, त्यांनी त्याला आपल्या बाकड्यावर शेजारी बसवून पाय पाहिला, बाजारासमोर. हे त्यांचं मानलं पाहिजे.

दुसऱ्या बाजारी पळालेले निम्मे परत आले. काय करता, खाज सोडत नाही! आज तर एक पहेलवान सोनाजीच्या मागेच उभा राहून त्याच्याशी पावसाच्या गप्पा मारत होता. आज दोन नवे चट्टे सापडले, दोन्ही लवकरचे. घरी कोणाला काही कळलं नाही, मलम घेऊन गेल्यासारखे गोळ्या घेऊन गेले.

असं होऊ शकत होतं. पहिल्यापासून होऊ शकत होतं. सुमनला पिशवी घेऊन वांगी घ्यायला आल्यासारखं येता आलं असतं.

११ ऑक्टोबर

अकोल्याहून एका वकिलाचा कारकून आला. जोशांच्या वतीनं. जोशीणबाईंना मुलाची सोडचिठ्ठी करायची आहे, बायकोला असाध्य महारोग आहे म्हणून. मी भरलेलं तपासणीचं कार्ड पाहिजे म्हणे, सुमनच्या नावाचं. तारीख, चट्टा, सही, सगळं माझ्याच अक्षरात आहे.

म्हटलं, कोर्टाचा हुकूम आणा. माझ्या कागदानं पोरीची आई कायमची काढून घेणार हे लोक?

डॉ. साहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढला. "आणू दे हुकूम. मी स्वतः उभा राहीन. असाध्य म्हणे! उद्या पडशालासुद्धा असाध्य म्हणतील." पहिल्यांदाच त्यांच्या पायाला हात लावावासा वाटला. लावला नाही, त्यांना आवडत नाही. मलाही.

मास्तरला शाळेत गाठलं. म्हटलं, तुम्ही अर्जावर सही केली? तो फळा पुसत राहिला. म्हटलं, मास्तर, केली? म्हणे, "आई जेवत नव्हती."

२७ नोव्हेंबर

कोर्टाचं बारगळलं. वकिलालाच साहेबांचं म्हणणं कळलं, त्यानंच सांगितलं की टिकणार नाही. मोडलं नाही, जुळलंही नाही. सुमन तिथं, पोर इथं. वर्ष होईल आता. मी दोन महिने म्हणालो होतो.

१९ जून १९६१

अण्णा खिडकीशी आले. थकलेत. "बाळंतपणाला आली म्हणून किती दिवस सांगू हो? दीड वर्ष झालं. लोक बाळ कुठंय विचारतात." आणि हसले. मलाही हसू आलं. दोघंही हसलो. पुडी उपरण्यातच घेतली.

निंभोऱ्याला गेलो की शाळेच्या आवारात मंगल दिसते. मास्तर सोबत आणतो तिला. केस बारीक कापलेत. मला "सायकलवाले" म्हणते. तिचं काय काय ते मी लक्षात ठेवतो आणि अण्णांजवळ सांगतो. नीट बोलते आता, शंभरापर्यंत म्हणते पण एकोणसाठनंतर अडकते, कुत्र्याला भीत नाही. अण्णा पुन्हा पुन्हा विचारतात. विसरलो तर सुमन रागवेल म्हणतात.

३० डिसेंबर

डॉ. साहेबांनी सुमनला अकोल्याच्या दवाखान्यात तपासलं. मीही होतो. दोन वर्षांनी समोरासमोर. वाळली आहे. डोळे मिटून बसली, साहेबांनी तंतू फिरवला, आणि बोट अगदी चट्ट्याच्या मधोमध! मला ओरडावंसं वाटलं. साहेब म्हणाले, "छान. आणखी थोडे महिने गोळ्या घ्या. घरी जायला काही हरकत नाही." मग जरा थांबून, "तशी कधीच नव्हती."

तिनं डोळे उघडले नाहीत बराच वेळ.

कधीच नव्हती. कधीच नव्हती.

१४ जानेवारी १९६२

निंभोऱ्यात जोशीणबाईंकडे गेलो. अंगणात उभा राहिलो, माझ्या जागेवर. आधी सांगितलं की सून बरी झाली. ती वाती वळत होती. ऐकल्यासारखं दाखवलं नाही.

मग म्हटलं, "बाई, तुमच्या भिंतीवरचा गोल मी मुद्दाम मोठा काढला होता. तुम्ही ओट्यावर येऊ दिलं नाही म्हणून. सूनबाईंचं जे झालं ते माझ्या हातानं झालं. शिक्षा करायची तर मला करा."

वाटलं, आता ओरडेल. ओरडली नाही. वात वळायची थांबली. "ओट्यावर येऊ दिलं असतं तर लहान काढला असतास?"

"हो."

पुन्हा एक वात वळली तिनं. म्हातारी झाली आहे, हात हलतो. "मग माझ्याही हातानं झालं म्हण की." एवढं बोलून आत गेली. मी जावं की थांबावं कळेना. आतूनच आवाज आला, "येत्या बाजारी मनोहर पोरीला घेऊन येईल. सुमनला बघू दे तिला. घरी आणायचं मी अजून म्हटलेलं नाही."

ओट्यावर ये असंही म्हटलं नाही. पण मी परत येताना सायकल कशी चालवली ते आठवत नाही.

१९ जानेवारी

आज बाजार. अण्णा आणि सुमन पहिल्या मोटारीनं आले. सुमननं निळं पातळ नेसलं होतं, पोरीसाठी झबलं शिवून आणलं होतं. ते दोन वर्षांच्या पोरीच्या मापाचं, हे तिच्या लक्षातच आलं नाही. यशोदाही आली होती, तिला राहवेना. मलम घ्यायला आल्यासारखं दवाखान्याच्या बाकड्याशी सगळ्यांना बसवलं.

मास्तर आला. कडेवर पोर, आता चार वर्षांची, पाय खाली लोंबत होते. सुमन उठली. तोंडावर असं काही आलं की मी दुसरीकडं पाहिलं.

मास्तरनं पोरीला खाली उतरवलं. "जा, आई आहे." पोरगी जागची हलली नाही. तिचं काय चुकलं? तिनं पाहिलं, आणि सुमनच्या पातळाच्या काठाला हळूच हात लावला. तेवढ्यात सुमन एक पाऊल मागं सरली. दोन्ही हात पाठीमागं घेतले. घट्ट, एकात एक.

म्हटलं, "घ्या ना. साहेबांनी सांगितलंय, काही होत नाही. कधीच होत नव्हतं."

"माहीत आहे भाऊ." हात पाठीमागंच. "तुम्हीच घ्या तिला. मी इथून बघते."

अण्णा म्हणाले, अगं घे. मास्तरही तेच म्हणाला. मी पोरीला उचललं. जड झाली आहे. सुमन हातभर अंतरावरून तिच्याशी बोलत होती, शंभरापर्यंत म्हणून दाखव म्हणाली. पोरीनं म्हटलं. एकोणसाठनंतर अडकली. सुमननं "साठ" म्हटलं. मोटारीची वेळ होईपर्यंत तसंच. झबलं बाकड्यावर राहिलं.

पुढच्या बाजारी पुन्हा या म्हणून मास्तरला सांगितलं. येतो म्हणाला. आई काय म्हणते ते पाहून.

जाताना यशोदानं सुमनला कोपऱ्यात नेऊन काही विचारलं, ते मला ऐकू आलं नाही. घरी येताना वाटेत विचारलं, काय म्हणे ती?

"म्हणे, दोन वर्षं समदे सांगत होते हात लावू नको. आता सांगून राहिले लाव. हाताले कसं सांगू?"